उलटतपासणी आणि आठवण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींना मी पाहिलेले नाही. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार पहिल्या दोन रांगांत बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांचा, त्यात मी हात घालत नाही. विषय संयोजकांनी माझ्यावर सोडला. अलिबागेत येऊन बोलायचे तर इथल्या मातीतले बोलावे, असे मनाशी ठरवले. म्हणून आज बेने इस्राएल समाजाच्या ध्वनिमुद्रित आठवणींविषयी बोलणार आहे, आणि त्या निमित्ताने अल्पसंख्य नि स्थलांतरित माणसांचा इतिहास त्यांच्याच तोंडून कसा ऐकावा, याविषयी.

तुमच्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना या समाजाची ओळख करून द्यायला नको. इस्राएल आळी तुमच्या पायाखालची. १८४८ सालचे मागेन अबोथ हे प्रार्थनालय तुम्ही येता-जाता पाहता. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला हा यहुदी समाज. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, चेऊलकर. घरात, बाजारात, भांडणात भाषा मराठी. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेली. महाराष्ट्रात आता काही हजार माणसे उरली आहेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा पुष्कळांना प्रथम कळले की असा समाज आपल्याकडे आहे.

या समाजाविषयी लिहिलेले मी बरेच वाचले, आणि वाचता वाचता एक गोष्ट खटकू लागली. हा सगळा इतिहास उत्तरपत्रिकेसारखा आहे. प्रश्न बाहेरच्या कुणीतरी घातलेला, आणि समाज उत्तर देतो आहे. प्रश्न प्रत्येक वेळी तोच: तुम्ही खरेच यहुदी आहात का?

पहिली परीक्षा मासळीची झाली, असे परंपरा सांगते. डेव्हिड रहाबी नावाचा परका यहुदी कोकणात आला. तो केव्हा आला यावर एकमत नाही. समाजाची परंपरा त्याला कित्येक शतके मागे नेते, तर काही अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्याशी घालतात. शनिवार पाळणारी, मुलांची सुंता करणारी ही तेली मंडळी पाहून त्याला शंका आली. त्याने बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी यहुदी धर्मात निषिद्ध असलेली, खवले नि पर नसलेली मासळी निवडून बाजूला काढली. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन पुरुषांना धर्मविधी शिकवले, आणि त्यांच्या घराण्यांकडे काझीपण आले. यातली गंमत बघा. परीक्षेला बसल्या बायका, उत्तीर्ण झाल्या बायका, आणि पद मिळाले पुरुषांना. त्या बायकांपैकी एकीचेही नाव कुठे नोंदलेले नाही.

दुसरी परीक्षा ग्रंथांची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशनरी आणि स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी या समाजात शाळा काढल्या, बायबलचा जुना करार मराठीत हातात दिला, हिब्रू शिकवली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. घडले ते वेगळे: समाज वाचायला शिकला आणि आपल्या धर्माला अधिकच धरून राहिला. हे लोक इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी तर नव्हेत, याची चर्चा मात्र विद्वानांत रंगली.

तिसरे उत्तर समाजाने स्वतः लिहिले. हाईम सॅम्युएल केहीमकर हे शाळा उभारणारे, कामसू गृहस्थ. त्यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोपर्यंत केहीमकर हयात नव्हते. आज आपल्याला सणावारांची, खाण्यापिण्याची, चालीरीतींची जी माहिती आहे ती बहुतांशी त्यांच्यामुळे. तरीही पानापानांवर एका वकिलाचा सूर लागतो, कारण समोर न्यायाधीश बसले आहेत याची केहीमकरांना जाणीव होती.

चौथी परीक्षा सगळ्यांत कडू, आणि ती घेतली स्वकीयांनी. बेने इस्राएल लोक इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यावर तिथल्या काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांच्याशी इतर यहुद्यांचे विवाह लावण्यास नकार दिला. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या की अशा विवाहाआधी मातृकुळाची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करावी. समाज रस्त्यावर उतरला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. अखेर ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असा ठराव केला आणि धर्मपीठाला शब्द बदलावे लागले.

पाचवी परीक्षा रक्ताची. जनुकांचे नमुने तपासणारे अभ्यास गेल्या काही दशकांत झाले. २०१६ च्या एका शोधनिबंधाने या समाजात यहुदी आणि भारतीय, असे दोन्ही वारसे ठळक असल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांनी मथळा दिला की यहुदी मुळाची दंतकथा खरी ठरली. म्हणजे मासळीपासून सुरू झालेले हे प्रकरण प्रयोगशाळेपर्यंत आले, तरी परीक्षार्थी तिथेच उभा.

ध्वनिमुद्रित आठवणींचे महत्त्व मला इथे वाटते. कागदपत्रे कमी आहेत म्हणून आठवणी घ्यायच्या, असे सहसा सांगतात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. आठवण घेताना आपल्याला प्रश्न बदलता येतो. तो बदलला नाही, तर हातात ध्वनिमुद्रणयंत्र असून आपण सहावी परीक्षा घेतो, एवढेच.

ठाण्यातल्या एका आजींचे उदाहरण देतो. नाव सांगत नाही. वय पंच्याऐंशीच्या पुढे, माहेर इथून फार लांब नाही. मी यंत्र सुरू केले आणि पहिलाच प्रश्न केला, “आजी, तुमचा समाज कोकणात कसा आला?” आजी ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि सुरू झाल्या. जहाज नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरले. पोथ्या समुद्रात गेल्या, ‘शेमा’ प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. पाच-सात मिनिटांत सगळे झाले. “झालं,” म्हणाल्या, “आणखी काय पाहिजे?” एकही शब्द त्यांचा स्वतःचा नव्हता. असे कितीजणांना सांगून झाले असेल, देव जाणे.

मग मी विचारले, “आजोबांचा घाणा घराच्या कुठल्या बाजूला होता?”

आजींनी हवेत हात फिरवून जागा दाखवली. परसदारी, चिंचेखाली. घाण्याची लाट कुरकुरली की पहाट झाली असे समजायचे. बैलाच्या डोळ्यांवर झापडे. पेंड चोरून खाल्ली म्हणून धाकट्या भावाला बसलेला मार. खोबरेल वेगळे, तिळाचे वेगळे. आजोबा बोटावर थेंब घेऊन वासावरून सांगत की खोबरे ओले राहिले होते. शनिवारी घाणा बंद, बैलालाही सुट्टी. त्या दिवशी बैल आळीतल्या पोरांचा. मी विचारले, “शनिवारी तेल मिळत नाही म्हणून गिऱ्हाइके कुरकुरत नसत?” आजी हसल्या. “अरे, शनिवारी तेल घेतो कोण? तुमचा शनी आडवा येतो ना! आमची सुट्टी नि तुमचा शनी, दोघांचं बरं जमलं होतं.”

शनिवारी तेल विकत घेऊ नये, हे महाराष्ट्रात घरोघर ऐकायला मिळते. यहुद्यांचा शब्बाथ शनिवारी असतो, हेही सर्वांना ठाऊक. पण या दोन गोष्टी एका गावात एकमेकींना कशा लागून बसल्या, हे मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. त्यावरून काही सिद्ध होते का? नाही. उद्या कुणी म्हणाले की आजींनी गंमत केली, तर मी वाद घालणार नाही. मात्र दोन समाज शेजारी राहताना एकमेकांच्या निषेधांभोवती आपापला आठवडा कसा बेततात, याचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे मिळालेले नाही. ते मिळाले कारण त्या क्षणी आजींना आपण यहुदी आहोत हे सिद्ध करायचे नव्हते.

‘तुम्ही इथे कसे आलात?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. पण त्याच्या पोटात एक विधान असते: तुम्ही मूळचे इथले नाही. हा प्रश्न विचारणारे रब्बीच असतात असे नाही, आपणही असतो. पेणकर आडनावाच्या बाईला, जिच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या पेणेत गेल्या, मुंबईच्या लोकलमध्ये कुणीतरी कौतुकाने म्हणते, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” ही उत्तीर्ण झाल्याची पोचपावती असते. तिने मागितलेली नसते.

मराठीत आठवणी ऐकून इतिहास लिहिण्याची परंपरा नाही असे समजू नका. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आणले. ज्या बायकांनी मोर्चे काढले, परिषदा भरवल्या, त्यांची नावे तोवर चळवळीच्या इतिहासातही अभावानेच येत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून गिरण्यांचे शतक उभे केले. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. या तिन्ही कामांत विचारणारा खाली बसला आणि सांगणारी वर, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आठवणींवरच्या नेहमीच्या आक्षेपाकडे येतो. माणसे चुकीचे सांगतात, तारखा गोंधळतात, ऐकलेले पाहिले म्हणून सांगतात. मान्य. इटलीतले अभ्यासक अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली यांनी यावर फार मार्मिक काम केले आहे. तेर्नी नावाच्या पोलादनगरीत १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे पोर्तेल्लींनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कित्येकांनी हा मृत्यू १९५३ चा सांगितला, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातला. माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांच्या आयुष्यात १९५३ ची कपात हा खरा घाव होता. १९४९ चा मृत्यू निमूट गिळावा लागला होता, त्याला त्यांनी शोभेशी जागा दिली. पोर्तेल्लींनी तारीख दुरुस्त केली आणि चूकही जपून ठेवली. कारण ती चूक कुठल्याच दप्तरात सापडली नसती.

आपल्याकडे हाच न्याय लावून पाहा. नवगावच्या जहाजातून वाचलेली माणसे चौदा. आता चित्पावनांची उत्पत्तिकथा आठवा: परशुरामाला किनाऱ्यावर वाहून आलेली चौदा प्रेते मिळतात आणि तो ती चितेवर पावन करून जिवंत करतो. समुद्र तोच, किनारा तोच, आकडाही तोच. अभ्यासकांनी हे साम्य केव्हाच टिपले आहे. कुणी कुणाची कथा घेतली यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही. एका किनाऱ्यावर राहणारे, एकमेकांच्या हातचे न खाणारे दोन समाज आपला जन्म एकाच तऱ्हेने सांगतात, ही गोष्टच केवढी मोठी आहे! जहाज खरोखर कुठल्या शतकात फुटले, याचे उत्तर मिळाले तरी ते यापेक्षा लहानच असेल.

इस्राएलकडे वळतो, कारण तिथे हा समाज दुसऱ्यांदा अल्पसंख्य झाला.

इथून जाण्यामागे छळ नव्हता. भारतात आम्हाला यहुदी म्हणून कधी त्रास झाला नाही, हे प्रत्येक बेने इस्राएल आवर्जून सांगतो. मग गेले का? पवित्र भूमीची ओढ, नवे राष्ट्र, भाऊबंद गेले म्हणून, फाळणीनंतरची धास्ती, नोकरीची आशा. प्रत्येक घराचे कारण वेगळे, आणि एकाच घरात नवऱ्याचे नि बायकोचेही वेगळे. मुंबईत रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत, इस्पितळांत काम करणारी ही माणसे बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत वसली. ज्याने आयुष्यभर लेखणी चालवली तो कापडगिरणीत पाळ्या करू लागला. दिमोनाच्या मैदानांत क्रिकेट आले ते यांच्याबरोबर. तिथल्या इतरांना हा खेळ आजही कोड्यात टाकतो.

ते दिवस इस्राएलमध्ये टंचाईचे होते, सगळे शिधापत्रिकेवर. १९५१ मध्ये काही बेने इस्राएल कुटुंबांनी धरणे धरले आणि मागणी केली की आम्हाला भारतात परत पाठवा. वर्णावरून भेदभाव होतो, ही त्यांची तक्रार. काही कुटुंबे १९५२ मध्ये खरोखर मुंबईला परत आली, आणि त्यांतली कित्येक पुढे पुन्हा इस्राएललाच गेली. या प्रकरणाच्या आठवणींत एक काळा पाव येतो. कुणीतरी पांढरा पाव मागितला आणि दुकानदाराने ऐकवले की काळ्यांनी काळाच खावा. हे नेमके कुणाला, कुठल्या गावात, कोण म्हणाले? कागदावरच्या इतिहासाला ते हवे असते. टंचाईच्या काळात काळा पाव सगळ्यांच्याच ताटात होता, हेही खरे. तरी साठ-सत्तर वर्षे माणसे तोच एक पाव का सांगत राहिली, याचे उत्तर शिधावाटपाच्या नोंदवहीत नाही.

१९६४ चेही तसेच. क्नेसेटच्या कामकाजात ठराव आहे, भाषणे आहेत. पण विवाहाची नोंदणी करायला गेलेल्या मुलीला आजीच्या आजीचे नाव विचारले, तेव्हा त्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले? कोकणातल्या तेल्याच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? कुणी पत्रे लिहिली, कुणी मुंबईच्या प्रार्थनालयातल्या वह्या धुंडाळल्या, कुणी ठरलेले लग्नच मोडले? हे सांगू शकणारी माणसे तेव्हा विशीत होती. आज ती ऐंशी ओलांडून गेली आहेत.

आणि भाषा. ही माणसे इस्राएलमध्ये मराठी टिकवून आहेत, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले, हे आपण अभिमानाने सांगतो आणि टाळ्या घेतो. टाळ्यांनी काम भागत नाही. मुलाखत हिब्रूत किंवा इंग्रजीत घेतली की नातवंडांना समजेल असा सारांश मिळतो. तीच बाई मराठीत बोलू लागली की वालाचे बिरडे येते, वाल सोलत बसलेल्या जावा येतात, बिरड्याचा रोजा येतो, त्या दिवशी कोण कुणाशी बोलत नव्हते तेही येते. मलिद्याचे ताट येते: गूळ-खोबरे घातलेले पोहे, पाच फळे, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने केलेला नवस, आणि त्या नवसाच्या जोडीला खंडाळे गावाजवळच्या खडकावरची खूण, जिथून संदेष्ट्याचा रथ वर गेला असे मानतात. आपल्याकडची कीर्तने ऐकून या समाजाने १८८० च्या सुमारास यहुदी कथांची मराठी कीर्तने सुरू केली. आख्यान मोशेचे, चाली आपल्या. अ‍ॅना शुल्त्झ या संगीत-अभ्यासिकेने त्यावर संशोधन केले, तेव्हा ती गाणी मुख्यतः बायकांच्या गळ्यात शिल्लक होती. पुरुषांची कीर्तने थांबली, बायकांच्या वह्या राहिल्या. शुल्त्झ अमेरिकेहून आली आणि वह्या उघडून बसली. आपण पनवेलहून पेणला गेलो नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. न सांगण्याचा हक्कही माणसाला असतो. या समाजात एके काळी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. गोरे म्हणजे शुद्ध वंशाचे, काळे म्हणजे मिश्र विवाहांतून आलेले. त्यांच्यात रोटीबेटी नसे. ज्यांना बाहेरच्या रब्बींनी ‘शुद्ध आहात का’ म्हणून छळले, त्यांनी तोच प्रश्न आपल्यातल्या काहींना पिढ्यान्‌पिढ्या विचारला होता. हे केहीमकरांनी लिहून ठेवले आहे, मी गुपित फोडत नाही. पण मुलाखतीत हा विषय निघाला की बहुतेक वेळा पाणी प्यायला उठायचे निमित्त होते. अशा वेळी माणसाला कोंडीत पकडू नये. आणि कुणी विश्वासाने सांगितलेच, तर ते कधी, कुणाला, कोणाच्या हयातीनंतर ऐकू द्यायचे, हे तिथल्या तिथे विचारून लिहून घ्यावे. जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला याचे कारण समजावून सांगायला नको.

अशा कामाचा पसारा केवढा वाढू शकतो याचे उदाहरण फाळणीच्या आठवणींचे आहे. अमेरिकेत बर्कली इथे सुरू झालेल्या १९४७ पार्टिशन आर्काइव्हने स्वयंसेवकांना शिकवून दहा हजारांहून अधिक माणसांच्या आठवणी घेतल्या. आपल्या अंगणातली गोष्ट म्हणजे कल्याणच्या लष्करी छावण्या. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, हिंदू सिंधी बोटींनी मुंबईला आले, आणि त्या पाच छावण्यांचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. पुण्याच्या साज अगरवाल यांनी सिंधी कुटुंबांच्या आठवणी पुस्तकांत आणल्या, नंदिता भावनानींनी निर्वासनाचा मोठा इतिहास लिहिला. दोन्ही इंग्रजीत. उल्हासनगरच्या बराकीत पोत्याचे पडदे लावून संसार थाटलेल्या बाईने शेजारच्या कल्याणकर बाईकडून पहिल्यांदा मराठी कसे उचलले, हे मराठीत कुणी विचारले आहे का? त्या कल्याणकर बाईलाही कुणी विचारलेले नाही. शेजाऱ्याची आठवण हाही त्या समाजाचा इतिहास असतो, आणि तो अजून जवळजवळ कोराच आहे.

तंत्राविषयी फार बोलत नाही. मोबाइल चांगला असेल तर तो पुरतो. पंखा बंद करा, नाहीतर पुढे तासभर घरघर ऐकावी लागते. स्वयंपाकघरातला कुकर मात्र बंद करायला सांगू नका; त्याच्या शिट्टीवर माणसे काहीतरी बोलतात आणि तेच पुष्कळदा मोलाचे निघते. सांगणाऱ्याची भाषा सुधारू नका. खरे दुखणे पुढे आहे. मुद्रण होते आणि पडून राहते. कुणाचे, कधीचे, कितव्या मिनिटाला काय आहे, याची सूची नसेल तर ते मुद्रण आणि बुडालेली पोथी यांत फरक नाही. एका तासाच्या बोलण्याची नीट सूची करायला एक दिवस मोडतो, आणि ते कंटाळवाणे काम करायला कुणी तयार नसते. मला विचाराल तर या क्षेत्रातल्या भाषणांपेक्षा, माझ्या या भाषणासकट, अशा एका सूचीची किंमत जास्त आहे.

म्हणून शेवटी मागणे, आणि ते या गावाकडेच. अलिबाग, रेवदंडा, नवगाव, किहीम, पेण, मुरूड, म्हसळे इथे पंच्याहत्तरी उलटलेली अशी माणसे आहेत जी इस्राएल आळ्या भरलेल्या असताना वाढली. कुणी त्या घरांत खेळले, कुणी घाण्यावर तेल आणायला गेले, कुणी निघालेल्या कुटुंबाचे घर विकत घेतले, कुणी कुलूप लावायला मदत केली आणि किल्ली ठेवून घेतली. यांतले बहुतेक हिंदू-मुसलमान शेजारी आहेत, म्हणून त्यांना आजवर कुणी विचारलेले नाही. गावातल्या ग्रंथालयाने त्यांची यादी करावी. प्रत्येक वॉर्डातून दोन महाविद्यालयीन मुले मिळाली तरी काम सुरू होते. मुद्रणाच्या तीन प्रती काढाव्यात: एक ग्रंथालयात, एक सांगणाऱ्याच्या घरी, एक आळीतल्या प्रार्थनालयाच्या विश्वस्तांकडे. ज्यांचे नातलग दिमोनात, अश्दोदला आहेत त्यांनी फोनवरून त्यांच्याशी मराठीत बोलावे आणि परवानगी घेऊन ते मुद्रित करावे. आणि कुणाकडेही गेलात तरी पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठून आलात’ हा नको. घाणा कुठे होता, ते विचारा.